अनुदानाचा पूरक वाटा आणि त्याची नोंद

सार्वजनिक कार्य करणाऱ्या संस्थांना मिळणाऱ्या अनुदानांपैकी पुष्कळशी अनुदाने सशर्त असतात. दात्याने ठराविक रक्कम द्यावयाची आणि घेणाऱ्या संस्थेने ठरलेल्या प्रमाणात आपली भर घालावयाची, ही त्यांतील एक महत्त्वाची अट होय. व्यवहारात ‘मॅचिंग ग्रँट’ हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे. प्रस्तुत लेखात संस्थेने घालावयाच्या या भरीस ‘पूरक वाटा’ असे म्हटले आहे. तो रोख असू शकतो, वस्तुरूप असू शकतो अथवा श्रमरूपही असू शकतो. तो उभा करणे हा एक प्रश्न आणि तो उभा केला हे सिद्ध करणे हा दुसरा. पहिल्याची चर्चा सभांतून व अहवालांतून नेहमी होते. दुसरा हिशेबनिसाचा म्हणून दुर्लक्षिला जातो. वस्तुतः अनुदान हाती राहणे वा परत करावे लागणे हे बहुधा दुसऱ्यावरच अवलंबून असते. म्हणून या नोंदीमागील तत्त्वे आणि तिची रीत यांचा विचार येथे करावयाचा आहे. या विषयाचे सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सिद्ध झाले असल्याने विवेचनाचा मुख्य आधार तेथील आहे. आपल्याकडील संबंध शेवटी दाखविला आहे.

१. कल्पनेचा उगम

पूरक वाट्याचे एक प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण १७५१ सालचे आहे. फिलाडेल्फिया येथे रुग्णालय काढण्यासाठी वर्गणी गोळा होत होती. केवळ वर्गणीवर काम भागेना आणि प्रांताच्या विधिमंडळातील ग्रामीण सभासद सरकारी पैसा देण्यास राजी होईनात. तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने एक युक्ती योजिली. नागरिकांनी वर्गणीने दोन हजार पौंड उभे केले तरच विधिमंडळाने आणखी दोन हजार पौंड द्यावेत, असा सशर्त ठराव त्याने मांडला. एवढी रक्कम कधी जमणारच नाही अशा समजुतीने विरोधकांनीही त्यास संमती दिली. फुकटात औदार्याचे श्रेय मिळत होते! उलट नागरिकांना असे सांगता आले की, प्रत्येकाची देणगी दुप्पट होणार आहे. वर्गणी पुरी झाली आणि पेन्सिल्व्हेनिया रुग्णालय उभे राहिले.

या प्रसंगात पूरक वाट्याचे तीनही हेतू दिसून येतात. दात्याचा पैसा अधिक पैसा ओढून आणतो. कार्याला लोकांचा खरा आधार आहे की नाही याची परीक्षा होते. आणि स्वतःचे काही घातल्यामुळे त्या कार्याविषयी लोकांना आपलेपणा वाटतो. हिंदुस्थानातील शिक्षणविषयक १८५४ च्या खलित्याने अनुदानपद्धती सुरू करताना याच विचाराचा आश्रय घेतला होता. सरकारी साहाय्य हवे असेल तर शाळेस स्थानिक व्यवस्थापन असावे आणि विद्यार्थ्यांकडून अल्पशी का होईना फी घेतली जावी, अशी त्यात अपेक्षा होती. खाजगी प्रयत्नास सरकारी पैशाने जोड द्यावी, त्याची जागा घेऊ नये, हे त्यामागील सूत्र होते.

२. प्रमाणाची परिगणना

पहिली चूक बहुधा अंकगणितात होते. ‘वीस टक्के पूरक वाटा’ या शब्दांवरून ते वीस टक्के कशाचे हे ठरत नाही. अनुदानाचे वीस टक्के आणि एकूण खर्चाचे वीस टक्के या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

अमेरिकेतील ‘हेड स्टार्ट’ हा गरीब कुटुंबांतील बालकांच्या पूर्वशिक्षणाचा कार्यक्रम १९६५ साली सुरू झाला. त्याच्या कायद्याप्रमाणे सामान्यतः एकूण खर्चाचा ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग संघसरकार देते आणि उरलेला वीस टक्के संस्थेने अन्य मार्गांनी आणावयाचा असतो. समजा, एखाद्या संस्थेस ८,००,००० डॉलरचे अनुदान मिळाले. हा आकडा एकूण खर्चाच्या ऐंशी टक्के आहे. यास्तव एकूण खर्च १०,००,००० डॉलर आणि पूरक वाटा २,००,००० डॉलर, म्हणजे अनुदानाच्या पंचवीस टक्के. जर कार्यवाहाने अनुदानाचेच वीस टक्के काढले तर उत्तर १,६०,००० येते आणि वर्षारंभीच ४०,००० डॉलरची तूट पोटात घेऊन काम सुरू होते.

या तुटीचा परिणाम पाहू. वर्षअखेर संस्थेने अनुदान पूर्ण खर्चिले आणि पूरक वाटा १,६०,००० चाच दाखविता आला, तर एकूण खर्च ९,६०,००० होतो. त्याचे ऐंशी टक्के ७,६८,०००. म्हणजे या प्रमाणानुसार अनुदानातील ३२,००० डॉलर जास्त घेतले गेले आणि ते संस्थेस स्वतःच्या पैशातून परत करणे भाग आहे. ते परत केल्यावर तिचा वाटा १,९२,००० होतो आणि ८० व २० हे प्रमाण साधते. करारातील अटींप्रमाणे या हिशेबाची रीत कमीअधिक कडक असू शकते. तत्त्व मात्र एकच की, वाट्यातील तूट ही अनुदानातील तूट ठरते. पैसा तर आधीच शिक्षिकांच्या वेतनात व मुलांच्या आहारात खर्च झालेला असतो.

३. कोणता वाटा ग्राह्य

अमेरिकेच्या संघीय अनुदानांस लागू असणारे नियम पूर्वी निरनिराळ्या परिपत्रकांत विखुरलेले होते. २०१३ च्या डिसेंबरात ते एकत्र करण्यात आले, पुढील वर्षाच्या डिसेंबरात अमलात आले आणि २०२४ साली त्यांत पुन्हा सुधारणा झाली. संघीय नियमसंहितेच्या दुसऱ्या शीर्षकातील २००.३०६ हे कलम पूरक वाट्याविषयी आहे. त्यातील कसोट्यांचा आशय येणेप्रमाणे सांगता येईल. वाटा संस्थेच्या नोंदींवरून पडताळून पाहता आला पाहिजे. तोच वाटा दुसऱ्या कोणत्याही संघीय अनुदानासाठी दाखविलेला नसावा. उद्दिष्टाच्या सिद्धीसाठी तो आवश्यक व वाजवी असावा. अनुदानाच्या पैशातून जो खर्च करता येतो त्याच जातीचा तो असावा. दुसऱ्या संघीय अनुदानातून त्याचा पैसा आलेला नसावा. कायद्यानेच तशी मुभा दिली असल्यास गोष्ट निराळी. आणि संमत अंदाजपत्रकात त्याची तरतूद असावी.

यांतील चौथ्या कसोटीचे मर्म पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पूरक वाटा संस्थेचा स्वतःचा असला तरी तो तिला वाटेल तसा खर्च करता येत नाही. निषिद्ध बाबीवर, उदाहरणार्थ मद्यावर, केलेला खर्च अनुदानातून जसा मिळत नाही तसाच तो वाटा म्हणूनही दाखविता येत नाही. पाचव्या कसोटीचा अपवादही लक्षात ठेवण्याजोगा आहे. गृहनिर्माण व समाजविकासाच्या १९७४ च्या कायद्याखालील समाजविकास अनुदानाचा पैसा अन्य संघीय अनुदानास पूरक वाटा म्हणून वापरण्याची परवानगी त्या कायद्यानेच दिली आहे. तेव्हा ‘सरकारी पैसा सरकारी अनुदानास जोडता येत नाही’ हा नियम मानून त्यास अपवाद शोधावा तो कायद्याच्या शब्दांत; तोंडी आश्वासनात नव्हे.

सहावी कसोटी दुधारी आहे. अंदाजपत्रकात नसलेला वाटा मागाहून आणता येत नाही. तसेच एकदा अंदाजपत्रकात लिहून दिलेला वाटा, तो आवश्यक नसून स्वखुषीने लिहिला असला तरी, बंधनकारक होतो. अर्ज उठून दिसावा म्हणून फुगविलेला आकडा पुढे कर्जासारखा मानेवर बसतो. संशोधनाच्या अनुदानांत असा स्वेच्छेचा वाटा अपेक्षित नाही असे संघीय नियमांतच नमूद आहे.

४. रोख, वस्तू आणि श्रम

रोख वाट्याची नोंद त्या मानाने सोपी. तरी एक भेद येथे सांगितला पाहिजे. वाटा मोजला जातो तो पैसा आला त्या दिवशी नव्हे, तर तो प्रकल्पावर खर्च झाला त्या दिवशी. देणगीदाराचे वचन म्हणजे वाटा नव्हे. बँकेत पडून असलेली देणगी म्हणजेही अद्याप वाटा नव्हे. शिवाय खर्च अनुदानाच्या मुदतीत व्हावा लागतो.

वस्तुरूप देणगीत मूल्यांकनाचा प्रश्न येतो. दान केलेल्या साहित्याची किंमत दानाच्या वेळच्या बाजारभावाहून अधिक धरता येत नाही. वापरावयास दिलेल्या जागेचे मूल्य म्हणजे त्या वस्तीतील तत्सम जागेचे वाजवी भाडे, आणि ते स्वतंत्र मूल्यांकनावरून ठरवावयाचे. संस्थेची स्वतःचीच इमारत असेल तर तिचे भाडे स्वतःलाच आकारता येत नाही. घसाऱ्याइतकीच रक्कम धरता येते.

सर्वांत रोचक प्रकार श्रमाचा. स्वयंसेवकाच्या तासाचा दर संस्थेत तशाच कामासाठी दिल्या जाणाऱ्या वेतनाइतका धरावा. तसे काम संस्थेत नसेल तर स्थानिक श्रमबाजारातील दर घ्यावा. म्हणजे दर माणसाचा नसून कामाचा असतो. एखाद्या वकिलाने संस्थेचे करारपत्र विनामूल्य तपासून दिले तर वकिलीचा दर लागू होईल. त्याच वकिलाने रविवारी येऊन शाळेच्या भिंती रंगविल्या तर रंगाऱ्याचा. दुसऱ्या एखाद्या आस्थापनेने आपला पगारी मनुष्य कामास दिला तर त्याचे नेहमीचे वेतन धरता येते, पण तो आपल्या नेहमीच्याच कौशल्याचे काम करीत असेल तरच.

हेड स्टार्टच्या वर्गांत पुष्कळ ठिकाणी पालक मदतीस येतात. कल्पना करा की एक माता आठवड्यास तीन तास याप्रमाणे छत्तीस आठवडे वर्गात साहाय्य करते. हे १०८ तास झाले. साहाय्यक शिक्षिकेचा दर तासास १५ डॉलर धरल्यास तिच्या श्रमाचे मूल्य १,६२० डॉलर होते. अशा पंचवीस माता असतील तर ४०,५०० डॉलर. वरील उदाहरणात जी ४०,००० ची तूट दाखविली ती एवढ्यात भरून निघते. परंतु हे केव्हा? तर प्रत्येकीचे नाव, दिनांक, येण्याजाण्याची वेळ, केलेले काम, तिची स्वाक्षरी आणि देखरेख करणाऱ्याची स्वाक्षरी हजेरीपटावर असेल तेव्हा. त्या आल्या होत्या, मुलांना त्यांनी भरविले व शिकविले, हे सारे गाव जाणते. पण हिशेबतपासनीस गावाची साक्ष घेत नाही, कागदाची घेतो. स्वाक्षरीवाचून राहिलेले श्रम हिशेबाच्या दृष्टीने झालेच नाहीत असे ठरते.

५. नोंदवहीची रचना

यावरून नोंदीची रीत सहज निष्पन्न होते. प्रत्येक अनुदानासाठी पूरक वाट्याची स्वतंत्र खतावणी असावी. तीत दिनांक, देणाऱ्याचे नाव, वाट्याचा प्रकार, अंदाजपत्रकातील बाब, परिमाण, दर, दराचा आधार, मूल्य, व्हाउचर अथवा हजेरीपटाचा क्रमांक आणि आजवरची बेरीज असे रकाने असावेत. ‘दराचा आधार’ हा रकाना पुष्कळदा गाळला जातो आणि तपासणीच्या वेळी वाद नेमका तेथेच उपस्थित होतो. तसेच प्रत्येक मूळ कागदावर तो कोणत्या अनुदानाकडे लावला याचा शिक्का मारून ठेवावा. एकच पावती दोन ठिकाणी लागू नये यासाठी याहून सोपा उपाय नाही. संगणकावर खतावणी ठेवली तरी हे रकाने व हा नियम बदलत नाही.

दुसरा मुद्दा असा की, ही खतावणी आणि संस्थेचा वार्षिक जमाखर्च यांचे आकडे नेहमी जुळतीलच असे नाही, आणि न जुळणे म्हणजे दोष नव्हे. अमेरिकेतील हिशेबमानकांप्रमाणे, १९९३ च्या ११६ व्या विधानापासून, विनामूल्य सेवा जमाखर्चात दाखवावयाची ती दोनच परिस्थितींत: त्या सेवेने काही मालमत्ता निर्माण झाली वा वाढली असेल तर, किंवा ती विशेष कौशल्याची असून त्या कौशल्याच्या व्यक्तीने दिली असेल आणि एरवी ती विकत घ्यावी लागली असती तर. वर्गात मदत करणाऱ्या मातेचे श्रम सामान्यतः या व्याख्येत बसत नाहीत. तरी पूरक वाटा म्हणून ते ग्राह्य असू शकतात. म्हणून दोन्ही आकड्यांचा मेळ दाखविणारे एक पत्रक दरवर्षी तयार करून ठेवावे. अन्यथा ताळेबंदात नसलेली रक्कम अहवालात कोठून आली, या प्रश्नास उत्तर देताना कार्यवाह गडबडून जातो.

तिसरा मुद्दा काळाचा. खर्च आणि वाटा यांचे प्रमाण दरमहा तपासावे. सहा महिने संपले असता वाटा तिसऱ्या हिश्शावरच असेल तर उरलेल्या सहा महिन्यांत उपाय करता येतो. बाराव्या महिन्यात कळल्यास जुने हजेरीपट मागाहून भरण्याचा मोह होतो, आणि तो मोह हाच खोट्या हिशेबाचा प्रारंभ असतो. एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत भरलेले बारा महिन्यांचे पट अनुभवी तपासनीसाच्या नजरेतून सुटत नाहीत. अंतिम आर्थिक अहवाल सादर केल्यापासून तीन वर्षे हे सर्व कागद जपून ठेवावे लागतात. वाद वा तपासणी चालू असल्यास ती मिटेपर्यंत.

६. आपल्याकडील संबंध

श्रमदान आणि लोकवर्गणी हे शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात जुने आहेत. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेत लोकांचा वाटा रोख, वस्तू आणि श्रम या तीनही रूपांत अपेक्षित होता व त्याचे रुपयांत मूल्य मांडले जाई. २५ डिसेंबर २००२ रोजी आरंभ झालेल्या स्वजलधारा योजनेत पाणीपुरवठ्याच्या भांडवली खर्चापैकी दहा टक्के वाटा गावाने उचलावयाचा होता. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के, आणि डोंगराळ व वनप्रदेशांत तसेच निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जातीजमातींची असलेल्या गावांत पाच टक्के, असा लोकवाटा ठरविण्यात आला. तो रोख, वस्तू वा श्रम यांपैकी कोणत्याही रूपाने देता येईल अशी योजना होती. सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांना राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानची ‘समान निधी’ आणि ‘असमान निधी’ ही नावे परिचित आहेत. त्यांपैकी पहिलीत राज्य शासन व प्रतिष्ठान या दोहोंचा वाटा एकत्र येतो.

आपल्या संस्थांना नोंदीसाठी आधार नाही असेही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखालील जमाखर्चाच्या विहित नमुन्यात रोख आणि वस्तुरूप अशा दोन्ही देणग्यांसाठी स्थान आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना घालून दिलेला आहे. परदेशी अनुदान घेणाऱ्या संस्थेस मात्र एक विशेष दक्षता घ्यावी लागते. विदेशी अंशदान विनियमन अधिनियम, २०१० प्रमाणे परदेशी पैशाच्या खात्यात स्थानिक पैसा मिसळता येत नाही. तेव्हा परदेशी दात्याने स्थानिक वाट्याची अट घातली असेल तर दोन्ही प्रवाह वेगळ्या खात्यांतून वाहू द्यावेत आणि त्यांची गाठ केवळ खतावणीत घालावी.

मूळ प्रश्न मात्र हिशेबाच्या नमुन्यापेक्षा खोल आहे. गावाच्या नावे दहा टक्के रक्कम ठेकेदाराने वा एखाद्या पुढाऱ्याने एकरकमी भरून टाकली तर एकूण आकडा बरोबर येतो, प्रमाणपत्रही मिळते. पण लोकांचा आपलेपणा, ज्यासाठी ही अट घातली, तो मुळी उत्पन्नच होत नाही. हे उघड होते ते केवळ नावनिशीवार नोंदीतून. तीनशे घरांच्या तीनशे पावत्या आणि एक ठोक रक्कम यांत बेरजेने भेद नसला तरी अर्थाने मोठा भेद आहे.

७. समतेचा प्रश्न

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेप आहे व तो डावलता येणार नाही. ज्या संस्थेजवळ धनिक आश्रयदाते आहेत तिला पूरक वाटा उभारणे सोपे. जिला अनुदानाची खरी निकड आहे तिला ते कठीण. अशा रीतीने ‘असेल त्यासच मिळेल’ असा न्याय होण्याचा धोका राहतो. हेड स्टार्टच्या कायद्यात यासाठी सवलतीची वाट ठेवली आहे: वस्तीतील साधनांचा अभाव, आरंभीच्या वर्षांतील खर्च, नैसर्गिक आपत्ती इत्यादी कारणे विचारात घेऊन वाट्याची अट शिथिल करता येते. जलजीवन मिशनमधील पाच टक्क्यांचा दरही त्याच जाणिवेतून आलेला दिसतो.

पण सवलतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे गरिबांपाशी जे आहे त्याची योग्य किंमत करणे. त्यांच्यापाशी रोकड नसते. श्रम असतात, वेळ असतो, ओसरीवरची जागा असते. रोख वाट्याची पावती आपोआप फाडली जाते; श्रमाची नोंद मुद्दाम करावी लागते. ती केली नाही तर श्रीमंताचे शंभर रुपये वहीत चढतात आणि मजूर स्त्रीचे चार दिवस हवेत विरून जातात. त्यातही स्त्रियांचे श्रम ‘घरचेच काम’ म्हणून वगळण्याची किंवा कमी दराने मांडण्याची प्रवृत्ती आढळते. दर माणसाचा नसून कामाचा हा नियम अशा ठिकाणी केवळ हिशेबाचा न राहता न्यायाचा होतो.

सारांश, पूरक वाट्याची खतावणी ही तपासनीसाचे समाधान करण्यासाठी ठेवावयाची वही खरीच. परंतु तेवढीच ती नव्हे. कोणी, केव्हा, काय दिले याची ती साक्ष आहे. अनुदान देणाऱ्याचे नाव इमारतीच्या शिलेवर कोरले जाते. ज्यांनी हातांनी दिले त्यांचे नाव राहते ते बहुधा याच वहीत. संस्थांच्या कार्यवाहांनी अनुदानाचा पहिला हप्ता येण्यापूर्वीच ती उघडावी, आणि अनुदान देणाऱ्यांनीही तिच्या देखभालीस लागणारा कारकुनी खर्च मंजूर खर्चात धरावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.